आतल्या बाजूची कडी

४ फेब्रुवारी

पाळकबुवांस सलाम.

तुमचं पत्र पोचलं. दार करून देईन. पण कोणाला काम सांगताय ते एकदा कळू द्या, म्हणजे सूचना देताना हात जरा आखडता राहील.

माझ्या या दोन हातांनी आजवर केलेल्या वस्तू: कुलपं तीनशे बारा, त्यांतली सात लिव्हरची एकेचाळीस. तिजोऱ्या सहा. सापळे मोजलेले नाहीत, पण आमच्या दोन गल्ल्यांतले उंदीर मला नजरेनं ओळखतात. एक शिवणयंत्र, त्यातलं निम्मं सायकलचं आहे. शाळेची घंटा, जी पूर्वी खोकायची, आता वाजते. आईच्या चष्म्याची डावी काडी. धाकटीच्या, म्हणजे तुमच्या सौभाग्यवतीच्या, लग्नातल्या पेटीचं कुलूप, ज्याची किल्ली तुम्ही पहिल्याच आठवड्यात हरवलीत. आणि आमच्या जुन्या घरातली एकूण एक कडी, कोयंडा, खिट्टी. न्हाणीघर सोडून. तिथे मी कडी बसवली की आई काढायला लावायची. तीनदा बसवली, तीनदा काढली. का, ते तिलाच ठाऊक. मी नाद सोडला.

हे सगळं कोणाकडे न शिकता. चौथीनंतर मी कुठल्याही मास्तरापुढे हात पसरला नाही. छडीसाठी पसरला होता तेवढा पुरला.

आता तुमच्या देवळामागची ती खोली, जिथे दफनापर्यंत शवपेटी ठेवता आणि जिला तुम्ही निरोपाची खोली म्हणता. जुनं दार फुगलंय, रात्रंदिवस करकरतं, असं लिहिता. माझं करकरणार नाही. दोन इंच जाडीचं सागवान. चारी कडांना दाबलेल्या लोकरीचा नमदा, म्हणजे आतला आवाज बाहेर नाही नि बाहेरचा आत नाही. दाराखालून पोस्टकार्ड सरकवून दाखवा, मी धंदा सोडतो. नुसतं ढकललं की आपणहून मिटेल आणि आपणहून कुलूप लागेल. किल्लीचं भोक फक्त बाहेरून. आत सपाट पोलादी पत्रा.

फक्त तुमची शेवटची ओळ मला कळली नाही. ‘दाराला आतून उघडणारी कडी हवी.’ बुवा, त्या खोलीत कोण मुक्कामाला येतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असावं. मेलेल्याला आतून कडी कशाला? पाय मोकळे करून यायला?

कडी बसणार नाही. बाकी सगळं बसेल.

कळावे,
दादा


११ फेब्रुवारी

दादांस सप्रेम सलाम.

यादी धाकटीनं मोठ्यानं वाचून दाखवली. पेटीच्या किल्लीपाशी थांबून तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की सोळा वर्षांनी मी पुन्हा कपाटामागे हात घालून आलो.

कडीबद्दल. मेलेल्याला कडी कशाला, असं विचारता. दादा, माझं सगळं काम त्या एका कडीवर चाललंय.

ख्रिस्त वधस्तंभावर मेला म्हणजे आपला दंड भरला गेला, पावती फाटली, विषय संपला, असं पुष्कळांना वाटतं. मी ते खोटं म्हणत नाही. आमच्या मंडळीचे कारभारी तर तेवढंच धरून बसलेत. ते निवृत्त होईपर्यंत वसुली खात्यात होते, त्यांना तारणसुद्धा शिक्का मारून हवं. पण आणखी एक जुनी समजूत आहे, आणि मला तिचीच ओढ आहे. तीत मरण हा न्यायाधीश नाही, दांडगेश्वर आहे. त्याच्या हाताखाली पाप, भय आणि सैतान ही टोळी. त्यांनी माणसाला कोंडलंय आणि किल्ल्या कमरेला लटकवून मिरवतायत. ख्रिस्त त्यांच्याशी घासाघीस करायला गेलाच नाही. तो मेला, म्हणजे चारचौघांसारखा त्याच दारातून आत गेला. मरणानं सवयीनं दार लावून घेतलं. आत कोणाला घेतलं हे त्याला तिसऱ्या दिवशी कळलं! जुने उपदेशक म्हणत, माशाला आमिष दिसतं, गळ दिसत नाही. मरणानं गिळलं, पण पचवता आलं नाही. तेव्हापासून ते दार बाहेरून कितीही भक्कम दिसो, आतून उघडतं.

हे सांगायला मला दर दफनाला घसा फोडावा लागतो. कडी असली तर नुसतं बोट दाखवून भागेल.

कारण एवढंच. दुसरं काही नाही.

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, जीभ अजून नाही. दार कधी येणार म्हणून रोज विचारते.

तुमचा,
पाळकबुवा (दुसरं नाव तुम्ही ठेवलंच नाहीत)


१७ फेब्रुवारी

पाळकबुवांस सलाम.

आई रोज दाराची वाट बघते हे वाचून बरं वाटलं. तिला सांगा, दार बघण्यासारखं होतंय. शेवटी लेकाच्या कामाचं कौतुक आईलाच.

तुमचं मरणशास्त्र मी तीनदा वाचलं. दोनदा कानस चालवताना, एकदा हात धुऊन. कारभाऱ्यांची पावती मलाही पटत नाही. दंड भरलेला माणूस पुढच्या दारानं पावती फडकवत बाहेर येतो, त्याला दार फोडायची गरज काय? शिवाय धाकटी लहानपणी पाठांतर करायची त्यात ‘खंडणी’ असा शब्द होता, मला पक्का आठवतो. खंडणी न्यायाधीशाला देत नाहीत, गुंडाला देतात. म्हणजे समोर गुंडच होता. इथवर तुमची बाजू भक्कम.

गळाचं मात्र जपून. मी सापळे करणारा माणूस आहे. आमिष दाखवून धरणं ह्याला सभ्य भाषेत फसवणं म्हणतात. देवानं सैतानाला टोपी घातली, असं तुम्ही भर सभेत सांगता? मला आवडलं, खोटं कशाला बोलू. पण कारभारी कुठल्या तोंडानं आमेन म्हणतात ते बघायला एकदा यायला हवं. आणि माझ्या सापळ्यांचा अनुभव असा, की उंदीर सापडतो तेव्हा पावाचा तुकडा चालत घरी येत नाही.

‘तेच तर!’ असं तुम्ही आत्ता म्हणालात. मला इथे ऐकू आलं.

तरी कडी बसणार नाही. जे आतून उघडता येतं ते कुलूप नव्हे, ती विनंती. मी विनंत्या करत नाही. उपदेशासाठी हवी असेल तर कडीचं चित्र काढून भिंतीला लावा.

३ मार्चला दार घेऊन येतो. बसवायला दीड दिवस. मदतीला कोणी देऊ नका, मला शिकवावं लागतं.

कळावे,
दादा


९ मार्च

पाळकबुवा,

घरी पोचलो. हाताला खरचटलेलं बरं आहे. घसा बसलाय, तो वाटेतल्या धुळीनं.

दाराचं नुकसान येणेप्रमाणे. कुलपाशेजारी चार बोटं रुंद, वीतभर लांब फळी फुटली. सातपैकी पाच लिव्हर वाकल्या. पोलादी पत्रा दुमडला. नमद्याचा एका बाजूचा पट्टा निघून लोंबतोय. चौकटीला पहारीची खूण, अर्धा इंच खोल. हे सगळं तुम्ही आणि तुमच्या कारभाऱ्यांनी बारा मिनिटांत केलंत. मला ते दार करायला चार आठवडे लागले होते.

लोकांत भलतंसलतं पसरायच्या आत एकदा लिहून ठेवतो. मी आत होतो तो तपासणीसाठी. दार बाहेरून कोणीही तपासेल. उजेडाची रेघ येते का, हे आत जाऊन दार लावल्यावरच कळतं. आली नाही. आवाज बाहेर जातो का, हे ओरडून बघितल्यावरच कळतं. गेला नाही. खालून काही सरकतं का, हे सरकवूनच कळतं. किल्ली सरकली नाही. किल्ली माझ्या खिशात होती हे खरं, आणि ती तिथेच असायला हवी होती. कारागीर किल्ली भलत्याच्या हाती ठेवत नाही.

म्हणजे दार सगळ्या परीक्षांत पास झालं होतं. तपासणीला दोन तास चाळीस मिनिटं लागली, कारण मी सावकाश करतो.

तुमचे कारभारी तोंडाला रुमाल लावून खोकत होते. तो खोकला नव्हता.

फुटलेलं दार तसंच ठेवा. मी दुरुस्ती करत नसतो. फुटतं ते माझं काम नव्हे.

दादा


१४ मार्च

दादास,

तुझं ‘तपासणी’चं पत्र ह्यांनी मला वाचायला दिलं आणि स्वतः बागेत जाऊन बसले. तिथून हसल्याचा आवाज आला. मी उत्तर लिहितेय, कारण ते लिहिणार नाहीत. ते पाळक आहेत, मी बहीण आहे.

आम्ही तुला जेवायला हाका मारल्या. तू येत नाहीस म्हटल्यावर ह्यांना वाटलं, कामात आहे, डिवचू नये. मला वाटलं, रुसलाय. जेवणं झाली, भांडी झाली. आईनंच ओळखलं. ती काठी टेकत मागे गेली आणि परत येऊन म्हणाली, “त्याच्या चपला बाहेर आहेत आणि पाय कुठे दिसत नाहीत.”

मी तिच्यामागे गेले. ती किल्लीच्या भोकाला कान लावून वाकली होती.

“आत कोण आहे?”

आतून काहीतरी बारीक आलं. तिला ऐकू आलं, मला नाही.

“मी म्हणजे कोण?”

मग मलाही ऐकू आलं. “आई! मी!”

“मग बाहेर ये की. जेवण गार झालं.”

“येता येत नाही.”

“का रे?”

मग तू म्हणालास, “आतून कडी नाही.”

दादा, आई हसेल असं मला वाटलं. ती हसली नाही. तिचा हात दारावरून सुटेना. ती भोकाशी तोंड नेऊन म्हणाली, “घाबरू नको हं. मी इथंच आहे. इथून हलत नाही.” ह्यांनी पहार आणली, कारभारी धावत आले. दार फुटेस्तोवर ती भोकाशी बोलत राहिली. काय बोलत होती ते तुलाच ठाऊक. आम्हाला तिनं सांगितलं नाही.

आता जे तुला सांगायचं नव्हतं ते सांगते. तिनं आम्हाला शपथ घातली होती, “त्याला कळू देऊ नका, तो हसेल.” कडी तिनं मागितली होती. ह्यांनी गळ नि मासा नि दांडगेश्वर लिहिलं ते सगळं मनापासून, पण त्याच्याही आधी आईनं लिहायला लावलं होतं. ती सात वर्षांची असताना लपाछपीत धान्याच्या खोलीत लपली आणि कोणीतरी बाहेरून कडी घातली. दिवस मावळेपर्यंत कोणाला पत्ता नाही. तेव्हापासून ती बंद दाराआड बसत नाही. न्हाणीघराची कडी तीनदा काढायला लावली ती म्हणून. तिथे ती मोठ्यानं गाणं म्हणायची ते देवाला नव्हे, आपल्याला, म्हणजे आपण दार ढकलू नये. तू अख्ख्या घराला कुलपं केलीस. का, हे तिला एकदा तरी विचारलंस का?

गेल्या खेपेला देवळाला रंग दिला तेव्हा ह्यांनी तिला ती मागची खोली दाखवली होती. घरी येऊन ती म्हणाली, “एक दिवस मला तिथे ठेवाल. ठेवा. मरणाला मी भीत नाही, दार लावाल त्याला भिते. जावईबापू, तुमचा ख्रिस्त दार फोडून बाहेर आला म्हणता ना? तो तरणा होता. मला कडी हवी.”

आता ठरव काय करतोस ते. आणि घसा धुळीनं बसत नाही.

तुझी,
धाकटी


२० मार्च

धाकटे,

कळलं.

खालील मापं घेऊन पाठव. शिंप्याच्या टेपनं नको, ती ताणलेली असते. लोखंडी पट्टीनं घे. आई उभी असताना जमिनीपासून कोपरापर्यंत. आई पलंगावर आडवी असताना, आणि उठून बसली असताना, जमिनीपासून हातापर्यंत. उजव्या मुठीची रुंदी. अंगठ्यात जोर किती आहे: लोणच्याची बरणी उघडते का, अर्धी उघडते का, की तुला हाक मारते? मापं कशासाठी ते तिला सांगू नकोस. तिला कळेलच, पण तू सांगू नकोस.

एक गोष्ट फक्त तुला. तुझ्या नवऱ्याला नको, तो उपदेशात घालेल.

पहिला अर्धा तास मी कुलपाचं कौतुक करत होतो. पुढचा अर्धा तास शिव्या, आधी कुलपाला, मग ते करणाऱ्याला. मग शिव्याही संपल्या. मी केलेल्या तीनशे बारा कुलपांतलं प्रत्येक आठवलं आणि प्रत्येकाच्या आत कोणीतरी बसलंय असं वाटायला लागलं. कारभाऱ्यांची पावती मला एकदाही आठवली नाही. आतल्या माणसाला पावती नको असते गं. पहिला पहारीचा ठोका बसला तेव्हा माझं, चार आठवड्यांचं, सात लिव्हरचं दार फुटत होतं आणि मला आनंद होत होता. असा आनंद मला कुठलंही दार बसवून झाला नव्हता.

आई भोकातून काय बोलत होती ते विचारू नकोस. ती मला सात वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगत होती. कोणाची, ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. तुझ्या पत्रातून आत्ता कळलं.

मापं लवकर पाठव.

दादा


६ मे

दादांस सप्रेम सलाम.

तुम्ही आलात, कडी बसवलीत आणि चहासुद्धा न घेता गेलात, म्हणून पुढचं लिहून कळवतो.

आधी कारभारी. ते म्हणाले, “फुटलेली फळी बदलायची होती, हे काय ठिगळ?” मी म्हटलं, नीट बघा. पहारीनं जिथे भगदाड पडलं, तिथेच दादांनी कडी बसवलीय. कुलूप फुटलं त्या जागीच आता दार उघडतं. कारभाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, “म्हणजे आता कुलूप लागतच नाही?” मी म्हटलं, नाही. “मग एवढं महागाचं कुलूप दारावर ठेवलं कशाला?” मी म्हटलं, शोभेला. हरलेल्या शत्रूची शस्त्रं भिंतीला टांगतात तशी. त्यांचं तोंड लिंबू चाखल्यासारखं झालं, पण रविवारी त्यांनीच चारजणांना नेऊन दाखवलं.

आता आई. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी म्हणाली, “मला एकदा आत जाऊन बघू दे.” धाकटीच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, सगळे येतो. म्हणाली, “सगळे आलात तर बघायचं काय? बाहेर थांबा.” काठी माझ्या हातात दिली, आत गेली, आपल्या हातानं दार ओढून घेतलं. खट्.

आम्ही बाहेर. मी मनात मोजत होतो. वीस. तीस. धाकटी माझं मनगट आवळत होती. चाळीसला आतून गाणं सुरू झालं, न्हाणीघरातलं. एक कडवं पुरं झालं. मग कडी वाजली, दार उघडलं आणि आई उंबऱ्यावर उभी. म्हणाली, “तेल जरा कमी घाला, बोट घसरतं.” मग मला म्हणाली, “जावईबापू, तुमच्या त्या दांडगेश्वराला सांगा, म्हातारी येऊन बघून गेली. खोली ठीक आहे. मुक्कामाची घाई नाही.”

मी बारा वर्षं उपदेश करतोय, दादा. असा एकही जमला नाही.

आता दर रविवारी उपासना झाली की ती एक फेरी मारते. आत, खट्, गाणं, बाहेर. मुलं रांग लावायला लागलीत, त्यांना हुसकावावं लागतं.

एक विचारायचं राहिलं. कडीच्या आतल्या बाजूला तुमचा शिक्का ठोकलाय. नेहमी तर समोर ठोकता?

तुमचा,
पाळकबुवा


१९ जून

पाळकबुवांस सलाम.

शिक्का आत ठोकला, कारण गिऱ्हाईक आत असतं.

तेलाचं आईला सांगा, मुद्दामच जास्त घातलंय. पुढे अंगठ्यातला जोर कमी होईल, तेव्हाही सरकायला हवी. आडवी असताना हात पोचेल एवढ्या उंचीवर खाली एक दुसरी कडी आहे, तिला एक दोरी बांधलीय. ती तिनं अजून पाहिलेली नाही असं धाकटी म्हणते. मला वाटतं, पाहिलीय.

तुमच्या मरणशास्त्राबद्दल माझं एक मत बदललंय. जे आतून उघडतं ते कुलूप नव्हे, हे मी अजूनही म्हणतो. पण ते कुलूप नाही, हीच त्याची थोरवी. ही ओळ उपदेशात वापरायची असेल तर माझं नाव घेऊन वापरा.

आता कामाचं. मागच्या आठवड्यात तुमच्याकडे एक टोपीवाला गृहस्थ दार बघून गेला, आणि तुम्ही त्याला माझा पत्ता दिलात. तो काल इथे आला. जुन्या आणि विचित्र वस्तू जमवून विकणं हा त्याचा धंदा. तासभर बसला. त्याला ते दार हवंय: वाकलेल्या लिव्हर, पहारीची खूण, भगदाडातली कडी, आतला शिक्का, जसंच्या तसं. बदल्यात तुम्हाला नवं दार तो स्वतःच्या खर्चानं बसवून देणार, त्यालाही आतून कडी. म्हणाला, “मंडळीचं काहीच जात नाही. आणि तुमचं नाव मोठ्या दालनात लागेल, काचेमागे, दिव्याखाली.”

मी विचारलं, “काचेला कुलूप असेल?”

म्हणाला, “अर्थात.”

मी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, दार वापरात आहे. दर रविवारी एक बाई ते आतून उघडतात, आणि त्यांची ह्या दाराशी ओळख झालीय. ओळख नव्या दाराबरोबर मिळत नाही. त्यानं आकडा वाढवला. मी चहा वाढवला. निघताना त्यानं शेवटचा आकडा एका कागदावर लिहून माझ्या ऐरणीवर ठेवला. मी त्याच्यासमोर त्या कागदाची घडी केली आणि खिडकीच्या झडपेखाली सारली, ती गेले दोन महिने वाजत होती. आता वाजत नाही.

आकडा धाकटीला कळू देऊ नका, ती मला जन्मभर ऐकवेल. आईला सांगायला हरकत नाही, ती हसेल. दोन लाख दहा हजार.

दादा